वृंदा गेल्याची बातमी

प्रविण शिरसाठांचा एक दावा होता. जुनं, नावाजलेलं कुठलंही पुस्तक त्यांच्या हातात द्या, चाळीस पानांच्या आत त्यात प्रभू सापडला नाही तर ते मिशी काढून ठेवतील. चोराची गोष्ट असो, राजाची असो, नाहीतर ज्या कादंबरीत लेखकाने देवाला पानोपानी शिव्या घातल्यात ती असो. "शिव्या घालतोय म्हणजे समोर कुणीतरी बसलंय हे त्याला ठाऊक हाय," ते म्हणत. "रिकाम्या खुर्चीला कोण शिव्या देतं?"

उभा जन्म धाटावच्या केमिकल कंपनीत शिफ्ट करून ते रोह्याला स्थायिक झाले होते. रोह्याच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे ते पंच. म्हणजे रविवारच्या भक्तीला सतरंज्या घालायच्या त्या त्यांनी, आणि मयताच्या घरी उभं राहून धीर द्यायचा तोही त्यांनीच. धीर द्यायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. आवाज भरदार, डोळे कोरडे. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको सरू गेली, तेव्हाही त्यांनीच उभं राहून प्रार्थना केली. रडणाऱ्या लोकांना पाणी दिलं, म्हाताऱ्यांना रिक्षात बसवून दिलं. लोक म्हणाले, विश्वास असावा तर असा.

पेणला शरद आणि वृंदा हे नवराबायको त्यांचे दोस्त. दोघेही शाळेतून निवृत्त झालेले. महिन्यातून एकदा शिरसाठ स्कूटरवरून पेणला जात आणि तिघं मिळून एका जुन्या पुस्तकाचा पंचनामा करत. शरदचा देवाशी फारसा संबंध नव्हता, त्यामुळे वाद झकास रंगे.

"चारशे पानं पाप आणि चार पानं पश्चात्ताप," शरद म्हणायचा. "तुमचा देव फार स्वस्तात सोडतो बुवा."

"तो शेवटचं पान आधी उघडून बघत नाय, एवढाच तुझ्यात आणि त्याच्यात फरक," शिरसाठ म्हणायचे.

सरू होती तेव्हा तीही यायची. पुस्तकं तिने कधी वाचली नाहीत. स्कूटरवर मागे बसून यायची, वृंदाजवळ ओट्यापाशी गप्पा मारायची आणि मध्येच बाहेर डोकावून विचारायची, "या खेपेला कोण मेलं?"

यावेळचं पुस्तक म्हणजे एका परदेशी कादंबरीचा जाडजूड मराठी अनुवाद होता. एक नावाडी आणि त्याची बायको, नदी, बर्फ आणि दोघांची अखंड भांडणं. परदेशी नावं तिघांच्याही जिभेला पेलवेनात. मग वृंदाच म्हणाली, "अहो, हे दोघं आमच्यासारखेच भांडतात की. नावाड्याला शरद म्हणा आणि बायकोला माझं नाव द्या." तेव्हापासून चर्चा तशीच चालली. "शरदने नाव उलटवली," "वृंदाने त्याला उपाशी ठेवला," असे निरोप तिघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागले.

आणि एका शुक्रवारी दुपारी, जेवून आडवं पडल्यापडल्या वाचताना, पुस्तकातली वृंदा वारली.

शिरसाठ पुढे वाचत गेले. दोन-तीन पानांनी त्यांना अक्षरं दिसेनात. चष्मा पुसला तरी दिसेनात. पाणी चष्म्यावर नव्हतं. उशी भिजली तेव्हा ते स्वतःच दचकून उठून बसले. हे काय चाललंय ते त्यांचं त्यांनाच कळेना.

शनिवारी सकाळी पेणला निघण्याआधी त्यांनी दोस्तांना निरोप टाकला. चष्मा कपाळावर, एक पाय बुटात. लिहिलं ते असं: "वृंदा गेली. काल दुपारी. नंतर शरदने तिच्या जागी नावेत मिठाची गोणी ठेवली, तेव्हा मला राहवलं नाही. खूप रडलो. आता पेणला निघतोय."

निरोप तिघांच्या ग्रुपवर जायचा तो मंडळीच्या ग्रुपवर गेला. शिरसाठांनी फोन स्कूटरच्या डिकीत टाकला आणि ते निघाले.

इकडे ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. पेणच्या वृंदाताई मंडळीत सगळ्यांना माहीत होत्या, सरूच्या दफनविधीला त्या तीन दिवस रोह्यात राहिल्या होत्या. मिठाच्या गोणीचं मात्र कुणाला कळेना. कुणी म्हणालं, दुःखाने शरदसरांचं डोकं फिरलं असणार. चंद्रावतीबाई मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी खुलासा केला, "पेणकडे खाडीवर मिठागरं आहेत ना. तिकडं असंल तशी पद्धत." मग कुणी शंका काढली नाही.

मंडळीचा सेक्रेटरी जितेश नुकताच नाईट शिफ्ट करून आला होता. तो न झोपता कामाला लागला. त्याने शिरसाठांना फोन लावला, कुणी उचलला नाही. "काका खचले असणार," तो म्हणाला. बाजारातून पुष्पचक्र आणलं, त्यावर चांदीच्या कागदात 'वृंदाताई' अशी अक्षरं चिकटवून घेतली, गाडीत चंद्रावतीबाईंसह पाच जण कोंबले आणि वाटेत कोलाडला शिरसाठांची मुलगी भूमिका हिलाही घेतलं. लग्न करून ती तिथेच दिलेली. तिनेही तो निरोप वाचला होता. गाडीत ती सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

शिरसाठ स्कूटर कायम हळूच चालवत, त्यामुळे हायवेला त्यांनी त्यांना गाठलं. जितेशने गाडी हळू केली. "काका, गाडीत या."

"नको रे, स्कूटर कुठं टाकू? तुम्ही कुणीकडं?"

"तुम्ही चाललाय तिकडंच," जितेश खालच्या आवाजात म्हणाला.

शिरसाठांना भरून आलं. पुस्तकाच्या चर्चेला या, या म्हणून मंडळीला किती वर्षं सांगत होते, एकजण फिरकला नव्हता. आज गाडी भरून माणसं निघाली होती, आणि तीही किती गंभीर चेहऱ्याने. मागच्या सीटवर भूमिका दिसली. त्यांनी हात केला. तिने केला नाही.

ते पेणला पोचले तर शरदच्या दारात चपलांचा ढीग. आतून आवाज नाही. जिन्यातच शिरसाठ थबकले. एवढ्या चपला आणि एवढी शांतता त्यांना ओळखीची होती. आत पाऊल टाकलं तर मंडळी माना खाली घालून बसलेली. टीपॉयवर पुष्पचक्र, त्यावर 'वृंदाताई'. आणि शरद कोपऱ्यात, चेहरा ओंजळीत, खांदे गदगदा हलतायत.

कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? दार वृंदानेच उघडल्यापासून सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि शरद हसू दाबत होता.

शिरसाठांनी काही विचारलं नाही. सवय होती. त्यांनी भिंतीला हात टेकला, डोळे मिटले आणि त्याच भरदार आवाजात सुरुवात केली. "हे प्रभू, आमची बहीण वृंदा आज तुझ्या घरी आली आहे. तिला जवळ घे. शरदभाऊला धीर दे. आम्ही रडत नाही, कारण आम्हाला आशा आहे..."

"चहात साखर किती, प्रविणभाऊ?"

शिरसाठांनी डोळे उघडले. समोर ट्रे घेऊन वृंदा उभी होती.

ते मटकन खाली बसले. शरदचा बांध फुटला, तो मोठ्याने हसायला लागला, मग जितेश, मग सगळेच. निरोप वाचून दाखवण्यात आला. नावाडी कोण, गोणी कसली, सगळा उलगडा झाला. शिरसाठ कान धरून वृंदाला म्हणाले, "वहिनी, चुकलो."

"चुकलात कशाला? आपलं पुष्पचक्र आपणच स्वीकारायला मिळतं कुणाला? फुलंही ताजी आहेत."

चंद्रावतीबाईंना वेगळीच काळजी लागली होती. "ती पुस्तकातली बाई तरी तारली गेली का शेवटी?"

"चर्चमध्ये कधी गेली नाही ती," शरद म्हणाला. "प्रविण, सांग आता. हिला घेणार का तुझा प्रभू?"

शिरसाठ तोंड उघडणार तेवढ्यात भूमिका बोलली. ती एकटी हसली नव्हती.

"पप्पा, निरोपात 'खूप रडलो' लिहिलंय. ते खरं?"

"व्हय," शिरसाठ म्हणाले.

"मी गाडीत मनाशी म्हणत होते, वृंदाकाकूंसाठी रडले, चांगलंच झालं, जवळची माणसं. पण हे तर पुस्तक निघालं. पुस्तकातल्या बाईसाठी रडलात तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता. "आईला नाय रडलात. आईच्या वेळी हाच आवाज होता तुमचा. आत्ता होता तोच."

हसू विरलं. जितेश कपाकडे बघत राहिला. शिरसाठांनी मंडळीकडे पाहिलं, शरदकडे पाहिलं.

वृंदाने ट्रे ठेवला. "आजची चर्चा पुरे," ती म्हणाली. "भाऊ, पोरीला घरी सोडा."

पुष्पचक्र जितेशने परत घेतलं. अक्षरं काढून रोह्याला सरूच्या कबरीवर ठेवतो म्हणाला.

भूमिका स्कूटरवर मागे बसली. नागोठणं मागे पडलं. खांबजवळ एका टपरीवजा हॉटेलात शिरसाठांनी गाडी थांबवली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी मिसळ सांगितली. भूमिका म्हणाली, "मला नुसता चहा."

मिसळ आली. शिरसाठ पाव मोडत राहिले, खाल्ला नाही.

"काय होतं त्या पुस्तकात?" भूमिकानेच विचारलं.

"काय नाय गो. नावाड्याची बायको रोज नावेत पुढं बसायची. ती गेली, तर नाव एका बाजूला ओढायला लागली. सरळ जाईच ना. इतकी वर्षं तिच्या वजनाने चालायची, हे त्याला माहीतच नव्हतं. मग त्याने तिच्या जागी गोणी ठेवली." ते थांबले. "तुझी आई मागे बसली की गाडी जोरात जाऊ द्यायची नाय. खांद्यावर थापटायची. मी अजून तशीच चालवतो. कोण थापटत नाय, तरी. काल वाचताना लक्षात आलं."

भूमिकाने कप खाली ठेवला.

"मयताला सगळे माझ्याकडे बघत होते, भूमी. पंच रडला तर म्हणाले असते, याचाच विश्वास कच्चा."

"मीपण बघत होते," भूमिका म्हणाली. "मला वाटत होतं, पप्पा रडले की आपण रडू. तुम्ही पाणी वाटत होता. मग मीपण ग्लास भरायला लागले."

शिरसाठांनी मुलीकडे पाहिलं, आणि मग त्यांचं काही चालेना. पावाचा तुकडा हातात तसाच राहिला. भर दुपारी, हायवेच्या कडेला, ट्रक जात असताना, ते सरूसाठी रडले. बाकावरून सरकून भूमिका त्यांच्या खांद्याला लागली आणि तीही रडायला लागली.

गल्ल्यावरचा हॉटेलवाला बराच वेळ बघत होता. शेवटी तो दह्याची वाटी घेऊन आला.

"तर्री आज जरा जास्तच तिखट झाली काय, काका?"

"व्हय," शिरसाठ कसंबसं म्हणाले. "जरा."

"सकाळपासून तिसरं गिऱ्हाईक," तो खजील होऊन म्हणाला. मग त्याने भूमिकाकडे पाहिलं. तिचे डोळे काकांपेक्षा लाल होते, आणि तिच्यापुढे नुसता चहा होता. तो जरा गोंधळला. मग त्याने दह्याची आणखी एक वाटी आणून तिच्यापुढेही ठेवली.