किसननानांची लख्ख बोट

किसननानांच्या बोटीत बसायचं तर आधी पाय दाखवावे लागतात. काठावर एक चपटा दगड आहे. त्यावर बसायचं, विजार पोटरीपर्यंत वर घ्यायची आणि दोन्ही तळवे नानांसमोर धरायचे. नाना चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतात, वाकतात आणि टाचेच्या भेगा इतक्या बारकाईनं बघतात की आपल्यालाच आपल्या टाचांची काळजी वाटायला लागते. शेजारी तीन घमेली भरून ठेवलेली असतात. "पैलं पाणी मातीचं, दुसरं रिठ्याचं, तिसरं मनाचं," असं म्हणत ते प्रत्येक घमेल्यात पाय बुचकळायला लावतात. तिसऱ्या घमेल्यात मनाचं नेमकं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पाय मात्र चांगले गार पडतात.

माझे साडू पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी सांगून पाहिलं, की मी सकाळीच कढत पाण्यानं आंघोळ करून निघालोय. नाना शांतपणे म्हणाले, "पावणं, आंगुळ वरनं खाली येती. घाण खालनं वर जाती." एवढा मोठा माणूस, पण मुकाट्यानं पाय घमेल्यात घालून बसला.

नाना माझे निरगुडसरचे शेजारी. मी पेठ गावच्या शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून ते मला गुर्जी म्हणतात. त्यांचं मूळ गाव डिंभ्याच्या धरणात गेलं आणि त्यांना इकडं जमीन मिळाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ऊस, कांदा, दोन गाई असं सगळं बेतशीर चालू असताना दहा वर्षांपूर्वी नानांनी अचानक मागं इंजिन असलेली एक जुनी फायबरची बोट घेतली. नानी चार दिवस बोलल्या नाहीत. बोट धरणाच्या काठी, चुलतभावाच्या घरासमोर बांधलेली असते. दर रविवारी नाना मोटारसायकलला बादली अडकवून निघतात आणि बोट धुऊन परत येतात. पाव्हणे असोत नसोत, पाऊस असो नसो.

धुणं हा शब्द फार लहान आहे. आधी केरसुणी, मग ओलं फडकं, मग रिठा, मग कोरडं फडकं. फडकी नानींच्या जुन्या सुती लुगड्यांची, कारण दुसरं कुठलं कापड त्यांना "खाजरं" वाटतं. आतल्या लाकडी फळ्यांच्या सांध्यांत दाभणाला चिंधी गुंडाळून ते मळ काढतात आणि शेवटी पालथं पडून नाकानं तपासतात. "चमकाया काय, ढेकूळ बी चमकतं पाणी मारल्याव," ते म्हणतात, "वास सांगतो खरं." मळकं पाणी धरणात ओतायचं नाही. ते डब्यात भरून वर चढावर करवंदीच्या जाळीला घालायचं. त्या जाळीला करवंदं अशी लागतात की चुलतभावाची बायको नानांना रोज यायचा आग्रह करते.

बोटीला नाव नाही. मी सुचवलं होतं, की दोन्ही अंगांना झोकदार अक्षरांत काहीतरी लिहून घ्या. नानांनी तीन दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. अक्षरांच्या कडेला शेवाळ धरतं.

मध्यंतरी एका पाणकावळ्यानं बोटीवर मुक्काम ठोकला. पंख पसरून वाळवत बसायचा आणि जाताना पांढरी खूण ठेवून जायचा. दुसऱ्या कुणी दगड मारला असता. नानांनी दोन रविवार त्याचं नीट निरीक्षण केलं आणि मग बोटीपासून वीस हातांवर पाण्यात एक मेढ रोवून तिच्यावर आडवी फळी ठोकली. "त्याला बी टेकाया जागा पायजेच की," एवढंच म्हणाले. तिसऱ्या रविवारी पाणकावळा फळीवर बसलेला मी स्वतः पाहिला. माझ्या शाळेतल्या पोरांनी बावीस वर्षांत माझं इतकं कधी ऐकलं नाही.

एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल की माणूस तिरसट असावा. तसं मुळीच नाही. नानांना पाव्हणे म्हणजे जीव की प्राण. कुणाच्या घरी पुण्यामुंबईचं माणूस उतरल्याचं कळलं की हे दारात हजर आणि बोटीचं आमंत्रण पक्कं. फक्त खाण्याचे नियम कडक. चिवडा नको, तो सांडतो. शेंगा नकोत, त्यांची फोलपटं उडतात. लाडू नको, तो कधी फुटेल याचा भरवसा नाही. मासवडीला परवानगी आहे, पण रश्शाशिवाय, आणि मासवडी रश्शाशिवाय खायची म्हणजे आमच्या भागात जवळजवळ गुन्हाच. तरी लोक खातात, कारण नाना स्वतः प्रत्येकाच्या हातावर वडी ठेवतात आणि तो खाऊन होईपर्यंत हनुवटीखाली ओंजळ धरून उभे राहतात.

पण ज्यासाठी मी पहिल्यांदा नानांपुढं मनोमन हात जोडले ती गोष्ट वेगळीच आहे. बोट मधल्या पाण्यात गेली, चहूकडे मोकळं निळं पाणी, आडवं यायला काडीसुद्धा नाही, की नाना वेग कमी करतात आणि वळणं घ्यायला लागतात. डावीकडं काटकोनात. मग थोडं सरळ. मग उजवीकडं. पाव्हणे एकमेकांकडं बघून हसतात. मीही पहिल्या वेळी हसलो होतो. मग नाना म्हणाले, "गुर्जी, हितनं नीट जावं लागतं. सुताराच्या वट्याला घासती."

तळाशी गाव होतं आणि नाना गावाच्या गल्लीनं चालले होते. समोरची खिंड आणि काठावरचा उंबर एका रेषेत आले की चावडी. तिथून डावीकडं शाळा, आणि शाळेपाशी ते आणखी हळू होतात, कारण तिथं पोरं आडवी येत. देवळावरून बोट कधीच जात नाही, वळसा घालून जाते. एका दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खूप ओसरलं आणि चावडीचं जोतं तेवढं उघडं पडलं. मी मुद्दाम गेलो, खिंड आणि उंबर रेषेत धरून उभा राहिलो, तर माझे पाय बरोबर जोत्याच्या पायरीवर होते. मी भूगोलाचा मास्तर आहे. त्या दिवसापासून वर्गात नकाशा शिकवताना मी जरा कमी बोलतो.

नानांचं घर मात्र ओढ्याच्या अंगाला, उतारावर. ते कधीच उघडं पडत नाही. त्या जागी पोचलं की नाना इंजिन बंद करतात आणि बोट दारात उभी करतात.

ही सगळी खटपट कुणासाठी ते त्यांनी मला एकदा सरळच सांगितलं. त्यांची थोरली बहीण हौसाक्का बोरी बुद्रुकला दिलेली. आई लवकर गेली, नानांना अक्कानंच वाढवलं, आणि अक्का म्हणजे टापटिपीचा कहर. सारवलेल्या वट्यावर धाकट्या भावाच्या पायाचा ठसा दिसला तर अख्खा वटा पुन्हा सारवायची. धरणाचं पाणी चढायला लागलं त्या वर्षी घराची हलवाहलव झाली आणि अक्काला निरोप द्यायचं काम नानांकडं होतं. ते राहून गेलं. पंचमीला अक्का नेहमीसारखी माहेरी आली आणि समोर पाणी बघून तशीच मागं फिरली. त्यानंतर तिनं त्या पाण्याचं तोंड पाहिलं नाही.

"निरगुडसरला येती, जेवती बी," नाना म्हणाले, "पर त्ये काय तिचं म्हायार न्हवं. तिला दारात न्यायचीय मला, गुर्जी. बोट तिच्या तोलाची झाली पायजे, म्हंजी यील ती."

म्हणून दर भाऊबीजेला नाना बोरीला जातात. ओवाळून झालं की अक्का विचारते, बोट कशी आहे. नाना सांगतात, लख्ख आहे, ताट मांडून जेवावं अशी आहे. अक्का गप्प होते. नाना परत येतात, कुठं कसर राहिली याचा विचार करतात आणि पुढच्या रविवारी एक फडकं जास्त नेतात. अशा नऊ भाऊबीजा झाल्या. बोट इतकी लख्ख झाली की तिच्यात बसायला मला भीती वाटायला लागली.

यंदा दिवाळीआधी डॉक्टरांनी नानांच्या गुडघ्यांची तपासणी केली आणि उकिडवं बसायचं नाही, वाकून घासायचं तर मुळीच नाही, असं बजावलं. आठवडाभरानं नाना म्हणाले, औंदा अक्का आली तर आली, नाहीतर बोट चुलतभावाला देऊन टाकतो. त्यांचा तो उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून भाऊबीजेला मी बोरीपर्यंत त्यांच्या सोबत गेलो.

अक्का पंचाहत्तरीची, काटक, अंगणात पान पडलेलं खपत नाही अशी. ओवाळणं झालं, तिनं विचारलं, नानांनी ताटाचं सांगितलं, ती गप्प झाली. नऊ वर्षांचं रहाटगाडगं माझ्या डोळ्यांसमोर फिरलं आणि मला राहवलं नाही. मी तिला गल्लीचं सांगितलं. चावडी, सुताराचा वटा, शाळा, देवळाचा वळसा. अक्काच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं.

"दारात उबी ऱ्हाती व्हय?" तिनं विचारलं.

नानांनी मान डोलावली. नऊ वर्षांत या माणसानं बहिणीला फडक्यांची संख्या सांगितली होती, आणि हे सांगायचंच राहिलं होतं. अक्कानं निरांजन खाली ठेवलं आणि म्हणाली, येते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही जीप केली. अक्का पुढं बसली, डोळे मिटून, नाकाशी लिंबू धरून. नाना मागून माझ्या कानात कुजबुजत होते, की अजून रागात आहे, बघा, बोलत नाही. काठावर पोचल्यावर नानींनी बांधून दिलेल्या मासवड्या निघाल्या. अक्का भूक नाही म्हणाली. नाना ऐकेनात, बहिणीला उपाशी बोटीत बसवायचं नाही म्हणाले. तिनं दोन खाल्ल्या. मग ती बोटीत चढली, फळीवरून एक बोट फिरवलं, ते बोट निरखलं आणि पदराला न पुसताच फळीवर बसली. नानांचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

निघालो. मधल्या पाण्यात आल्यावर वळणं सुरू झाली. चावडी आली, शाळा आली. नाना एकेक सांगत होते आणि अक्का दोन्ही हातांनी कड धरून ताठ बसली होती. देवळाचा वळसा जरा मोठा आहे. तो अर्धा झाला आणि अक्का ओकली. बोटीबाहेर वाकायलाही सवड मिळाली नाही. दहा वर्षं नाकानं तपासलेल्या फळ्यांवर, सांध्यांत, नानांच्या पायांवर, सगळीकडं.

नानांनी इंजिन बंद केलं, दुखऱ्या गुडघ्यांनी त्या घाणीतच खाली बसले आणि तिचं कपाळ तळहातात धरलं. अक्का पदरानं फळी पुसायला लागली तर तिचा हात धरून ठेवला.

"मला गाडी लागती रं, किसन," ती म्हणाली. "पयल्यापास्नं. यष्टीच्या रस्त्याला उतरून तोंड धुवायचे, मग घरी यायचे, म्हनून तुमाला कळलं न्हाई. तू दरसाली यायचास अन् सांगायचास, बोट लख्ख हाये, ताटावानी हाये. मला वाटायचं, एवढी पोरानं मरमरून घासली, अन् मी जाऊन तिच्यात वकायचं व्हय? कोन्या तोंडानं येऊ?"

नानांनी अडखळत विचारलं, "म्हंजी, निरोपाचा राग न्हवता?"

"त्यो कवाच गेला. घरात पाणी शिरल्याव कुनाला निरोप सुचत्यो."

मी हसावं की रडावं ते मला कळेना. हा माणूस बहीण यावी म्हणून बोट घासत होता, आणि जितकी घासत होता तितकी बहीण लांब जात होती. नऊ वर्षं दोघांनी एकमेकांची इतकी काळजी घेतली होती.

बोट आपसूक थोडी पुढं सरकली होती. नानांनी खिंडीकडं पाहिलं, काठाकडं पाहिलं, हातानं दोनदा पाणी मागं सारलं आणि म्हणाले, "अक्का, दारात हायेस." अक्कानं हात पाण्यात बुडवला, तोंड धुतलं आणि मग हात तसाच आत ठेवून बसली. मला पोहता येत नाही, पण त्या वेळी त्याची आठवणही झाली नाही.

परतीला नानांनी वळणं घेतली नाहीत, तिच्यासाठी सरळ आले. काठाला लागल्यावर अक्का दगडावर जरा टेकली, चूळ भरली आणि तिच्या तोंडावर रंग आला. नानांनी बादली भरली. डॉक्टरांचं आठवून मी फडकं घ्यायला पुढं झालो, पण अक्का माझ्या आधी उठली. पदर खोचला आणि बोटीत चढून सरळ हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दी, अक्का," नाना म्हणाले. "पावन्यानं हात लावायचा नस्तो."

"पावनी कोन? म्हायाराला आलीय मी."

नानांनी फडकं तिच्या हातात दिलं आणि ती दाखवेल तिथं तांब्यानं पाणी ओतत राहिले.