चाकू खिसा बघायला येतो

आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीत घडीचा चाकू माणसाने निवडायचा नसतो. चाकू घरी येतो, खिसा बघतो आणि मग काय ते सांगतो. चार चाकूंनी नकार दिला की नगरपरिषदेचा शिंपी येऊन त्या माणसाच्या सगळ्या पँटींचे उजवे खिसे शिवून टाकतो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं लोक म्हणतात. ज्यांचे खिसे शाबूत आहेत तेच म्हणतात.

मला तीन नकार आले होते.

मी विद्याधर किणीकर. कुरिअरच्या ऑफिसात बसतो. दिवसभर माझ्यासमोरून चिकटपट्टीने गुंडाळलेली खोकी जातात आणि त्यातलं एकही उघडायची मला परवानगी नाही. ज्याला ही नोकरी कळत नाही त्याला माझा चाकूंचा नाद कळायचा नाही. नव्या चाकूंबद्दल मी जितकं वाचलंय तितकं गावात कुणी वाचलेलं नाही. हे मी गर्वाने नाही, वैतागाने सांगतोय, कारण त्याचा उपयोग शून्य. आता जे येतात ते एका हाताने उघडतात. पात्याच्या मागे बारीकसा कान असतो, तो तर्जनीने दाबला की पातं सटकन बाहेर. लगेच आतली पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडते, म्हणजे कापताना पातं बोटावर मिटत नाही. मिटवायचं तर ती पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची, मग टक्क. पोलादाचं म्हणाल तर जे गंजत नाही ते धार लवकर सोडतं, आणि जे धार धरून ठेवतं ते रोज पुसावं लागतं. यावर मी तासभर बोलू शकतो. माझी बायको वृंदा मला पाच मिनिटंही बोलू देत नाही.

पहिला चाकू आला तो लाकडी मुठीचा, जड, जुन्या वळणाचा. त्याने खिशात डोकावून किल्ल्यांचा जुडगा बघितला आणि आपल्याला एकत्र कुटुंब नको, असं सांगून टाकलं. किल्ल्या मी त्याच दिवशी डाव्या खिशात हलवल्या. दुसरा अगदी सडपातळ होता, खिशात आहे की नाही कळू नये इतका. त्याने विचारलं, रोज काय कापता? मी म्हटलं, सफरचंद. त्याने वृंदाकडे बघितलं. "आमच्याकडे सफरचंद कुणी आजारी पडलं तरच येतं," वृंदा म्हणाली. झालं, उठला तो.

तिसऱ्याचं मात्र अगदी जमत आलं होतं. पद्धत अशी आहे की चाकूने पाव तास खिशात बसून बघायचं, आणि तेवढ्या वेळात माणसाने त्याला हात लावायचा नाही. माझी बोटं शिवशिवायला लागली. दोनदा उघडला, दोनदा मिटवला, एवढंच. तो खिशातूनच म्हणाला, मला परत माझ्या घरी न्या.

खिसे शिवलेल्या माणसाचं काय होतं ते मी रोज बघतो. आमच्या गल्लीत बेंद्रे म्हणून आहेत. बोलता बोलता त्यांचा हात खिशाशी जातो, शिवणीवरून घसरतो, वर येतो, पुन्हा जातो. मग हाताचं काय करावं ते न कळून ते समोरच्याच्या शर्टाची बटणं चाचपत बसतात. लोक त्यांना बघून रस्ता बदलतात. माझ्या पायात आधीच भिंगरी, जिवाला स्वस्थता म्हणून नाही. हात खिशात असला तरच मी माणसांत बसण्यासारखा असतो. तो कायमचा बाहेर राहिला तर माझं काय होईल याची मला भीती वाटत होती, स्पष्टच सांगतो. त्या आठवड्यात मला धड झोप नव्हती.

नेमूअण्णा चौगुल्यांचं पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. गावात चाकूंची स्थळं आणण्याचं काम तेच करतात. त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं.

"किणीकर, चांगलं स्थळ आलंय बघा. हिरव्या मुठीचा आहे, पातं तीन बोटं. थेट कंपनीतनं आलाय, त्यामुळं इकडचं काही ठाऊक नाही त्याला. जरा सांभाळून घ्या."

"सांभाळून म्हणजे?"

"म्हणजे बोटं," अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी वृंदाने पोहे केले. मी राखाडी पँटला दोनदा इस्त्री केली, उजवा खिसा उलटा काढून ब्रशने झटकला, पुन्हा आत घातला, पुन्हा काढला. घरभर फेऱ्या मारल्या. खिडकीतून बघून आलो.

"मला बघायला आलात तेव्हा इस्त्रीसुद्धा नव्हती शर्टाला," वृंदा म्हणाली.

"तेव्हा चार नकारांचा नियम नव्हता."

"हो ना, नाहीतर मीही जरा विचार केला असता. बसा आता एका जागी. फरशी झिजेल."

नगरपरिषदेचे शिंपी शरद पतंगे आधीच येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. चौथ्या खेपेला शिंप्याने हजर राहायचं असतं, म्हणजे उगाच दुसरा हेलपाटा पडत नाही. पतंगे भला माणूस. त्यांनी सुई ओवून कॉलरला टोचून ठेवली होती आणि मला दिसू नये म्हणून मान जरा वाकडी धरली होती. "दोरे सगळ्या रंगांचे आणलेत," ते हळूच म्हणाले. "तशी वेळ आलीच, तर दिसणार नाही काही."

अण्णा आले. बरोबर हिरव्या मुठीचा चाकू होता आणि त्याचा मामा म्हणून एक पितळी अडकित्ता. हा अडकित्ता अण्णांच्या दुकानात गल्ल्याशेजारी असतो. बाहेरगावच्या चाकूंचं इथे कुणी नसतं, म्हणून सगळ्यांचा मामा तोच होतो. अण्णांनी दोघांना टीपॉयवर ठेवलं. मी चाकूकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि लगेच बघितलं. मूठ खरखरीत, हातातून निसटणार नाही अशी. एका अंगाला क्लिप. काय सांगू, इतका नेटका चाकू मी चित्रातसुद्धा बघितला नव्हता.

"घर हवेशीर आहे," अडकित्ता म्हणाला. "सुपारी खाता का?"

"नाही."

"हरकत नाही. हल्ली कुणीच खात नाही," असं म्हणून त्याने थोडा वेळ तोंड मिटून घेतलं.

चाकूने मात्र सरळ विषयालाच हात घातला. "खिशात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही. किल्ल्या, रुमाल, सगळं डावीकडे."

"खोल किती आहे?"

मी पतंगेंकडे बघितलं. "मनगटापर्यंत," पतंगे म्हणाले. "शिवण दुहेरी आहे. मीच शिवलाय."

"रोज काय कापता?"

यावर मी आठवडाभर विचार केला होता. "मी कुरिअरमध्ये आहे," मी म्हणालो. "कापण्यासारखं पुष्कळ बघतो."

चाकूला हे उत्तर पटल्यासारखं वाटलं. अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चाकू उचलून माझ्यापुढे धरला. "घ्या, हातात घेऊन तर बघा."

माझा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. चाकू कुणी हातातून हातात घेत नाही. देणाऱ्याने खाली ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा, नाहीतर दोघांत भांडण होतं. मीठ, मिरची आणि चाकू यांचं हे असंच आहे. मला हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही; ते हातालाच माहीत असतं.

"खाली ठेवा अण्णा, मी उचलतो."

"हो की, विसरलोच," म्हणत अण्णांनी चाकू फरशीवर ठेवला आणि मी तो उचलला. वृंदाने मान डोलावली, पतंगेंनीही डोलावली. खोलीत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

"मला खाली का ठेवलं?" चाकूने विचारलं.

अडकित्त्याने घसा साफ केला. "इकडची पद्धत आहे बाळ. हातातून हातात दिलं की भांडण होतं."

"कुणाचं?"

"देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं."

"माझ्यामुळे?"

"तसं नव्हे."

"मग कशामुळे?"

"पोहे घ्या ना," वृंदा म्हणाली, आणि अण्णांनी घाईने बशी उचलली.

मग चाकू खिशात बसला. क्लिप खिशाच्या काठावर चढली ती अशी, की जन्मापासून तिथेच असावी. मांडीला वजन लागलं. मी हात पाठीमागे बांधले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं. बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली, नखं तळव्यात रुतवली. डावा पाय हलायला लागला तर त्यावर उजवा पाय ठेवला. वृंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि डोळ्यांनी दटावत राहिली. अंगठ्याला ती पट्टी जाणवत होती, हात दूर असूनही जाणवत होती. एकदा मी "आई गं" म्हणालो, तर पतंगेंनी पाणी आणून दिलं. ते मी वृंदाच्या हातून प्यालो, कारण माझा हात सुटला असता तर तो पाण्याकडे गेला नसता. पण मी हात लावला नाही. एकदाही नाही. आयुष्यात मी इतका वेळ कधी स्वस्थ राहिलो नव्हतो.

"झाला पाव तास," अण्णा म्हणाले. त्यांनाही घाम फुटला होता.

चाकू बाहेर येऊन टीपॉयवर बसला. "खिसा पसंत आहे," तो म्हणाला.

मला एकदम भरून आलं. वृंदाने पदर तोंडाला लावला. पतंगेंनी सुई काढून ठेवायला कॉलरकडे हातही नेला.

"माणूस नाही," चाकू म्हणाला.

पतंगेंचा हात कॉलरशीच थांबला. मग मीच बोललो. "अहो, का पण? पाव तास मी हात लावला नाही तुम्हाला."

"तेच सांगतोय," चाकू म्हणाला. "आधी फरशीवर ठेवायला लावलंत. म्हटलं असेल, इकडची पद्धत असेल. मग पाव तास मी आत होतो. एकदाही हात आला नाही."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा अडकित्त्याकडे बघत होते. "हात लावायचा नसतो, बाळ," अडकित्ता म्हणाला. "तीही इकडचीच पद्धत."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

हे खरं होतं. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की हे सगळ्यांना माहीत असतं.

"मला तर उघडायचं होतं हो," मी म्हणालो. माझा आवाज फाटला, मला त्याची लाज वाटली नाही. "कधीपासून उघडायचं होतं. तळव्यांची कातडी निघाली बघा."

चाकूने माझ्या तळव्यांकडे बघितलं. "आता सांगून काय उपयोग," तो म्हणाला. तो रागावलेला नव्हता. थोडा दमलेला वाटला.

पुढचा प्रश्न कामकाजाचा होता आणि तो पतंगेंकडे गेला. त्यांनी बराच विचार केला. चौथा नकार आला आहे, तेव्हा खिसे शिवायला हवेत. पण हा एक खिसा नाकारलेला नाही, उलट पसंत आहे, आणि पसंत पडलेला खिसा शिवायचा अधिकार शिंप्याला नाही. "म्हणजे बाकीचे शिवायचे," ते म्हणाले, "आणि हा चाकूबरोबर जाणार. दुसरा मार्ग नाही."

"खिशाला विचारा तरी," वृंदा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना.

मी उभा राहिलो आणि खिसा उलटा बाहेर काढला. सगळ्यांनी वाट पाहिली. खिशाने काही आक्षेप घेतला नाही.

"पँट काढून द्या आत जाऊन," अण्णा म्हणाले.

"नको," मी म्हणालो, "अंगावरच बरं." कापड सैल असलं की पातं अडखळतं, कड कुरतडल्यासारखी होते, आणि पुढे खिसा उसवत जातो. हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. मी खिशाचं टोक एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने कमरेशी पँट धरली आणि कापड ताणलं. हात अजिबात हलू दिला नाही.

चाकू आपला आपण उघडला. सटकन पातं बाहेर आलं, आत पट्टी अडल्याचा बारीक आवाज झाला. मग पातं दुहेरी शिवणीच्या अलीकडून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. एकही धागा ओढला गेला नाही. मला कापडावर ओझंसुद्धा जाणवलं नाही. फक्त ताण संपला आणि खिसा माझ्या हातात आला. चाकू मिटला, टक्क, आणि खिशात जाऊन बसला. अण्णांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं होतं, त्यात मी दोघांना सोडलं. मामा वरून बसले.

"कसं झालं?" चाकूने पिशवीतून विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यातलं कळणारा तिथे मीच होतो. मी पँटच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ती अगदी सरळ होती. खिडकीच्या उजेडात पुन्हा एकदा नीट बघितली.

"सुरेख," मी म्हणालो.

मग पतंगेंनी बाकीच्या पँटी मागितल्या आणि वृंदा कपाट उघडायला गेली.