न्ताते मोनाहेंग यांची यादी

वार्षिक सभेत न्ताते मोनाहेंग उठले, अंगावरची घोंगडी सारखी केली आणि म्हणाले, "एक महिना घ्या. तुमच्या त्या फोनवरच्या ग्रुपवर संघटनेचा कारभार एक महिना चालवून दाखवा. तिसाव्या दिवशी तुम्हीच माझ्या यादीवर परत याल. आणि मी काही बोलणार नाही. नुसता बघेन."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं ठरलं.

लेसोथोतल्या दप्तरखान्यांत, म्हणजे कोर्टाच्या, चर्चच्या, जमिनीच्या आणि जिल्हा कचेऱ्यांच्या जुन्या कागदांत, आयुष्य काढणारी चौसष्ट माणसं आहेत. त्यांची ही संघटना. एकाने ईमेल लिहावा आणि तो चौसष्टांना पोचावा, अशी एक यादी बावीस वर्षांपूर्वी मासेरूतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सुरू झाली होती. तिचे राखणदार न्ताते मोनाहेंग. (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने न्ताते म्हणतात आणि बाईला म्मे.) नोकरीतून निवृत्त झाले, पण यादीतून झाले नाहीत. आलेलं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या मंजुरीच्या रांगेत उभं राहायचं. ते वाचायचे, स्वल्पविराम सुधारायचे, विषयाची ओळ पसंत पडली नाही तर परत पाठवायचे आणि मग सोडायचे. या सगळ्याला कधी तीन दिवस लागत, कधी सहा. मोखोत्लोंगच्या कचेरीत उंदीर शिरला तेव्हा तिथल्या बाईंनी यादीवर सल्ला विचारला होता. सल्ला उत्तम आला, पण तोवर त्या उंदराची नातवंडं १९३४ सालच्या जमीन नोंदीत नांदत होती.

तेव्हा यादीऐवजी फोनवर ग्रुप करावा, हे अध्यक्षीणबाई म्मे मापुलेंग यांचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं. डोंगरातल्या कचेऱ्यांत कॉम्प्युटरवर कापड घातलेलं असतं आणि फोन मात्र प्रत्येकाच्या हातात. तरुणांपैकी त्सोलो नावाच्या एकाने तर सभेत सांगून टाकलं की गेल्या वर्षभरात यादीवर आलेल्या पत्रांपैकी निम्मी न्ताते मोनाहेंगनीच लिहिलेली आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांत त्यांची दुरुस्ती आहे.

पण मोनाहेंग यादीला धरून होते ते मानपानासाठी नव्हे. निदान केवळ मानपानासाठी नव्हे. त्या कॉम्प्युटरवर बावीस वर्षांची पत्रं होती, आणि त्यांत त्यांचे मित्र, दिवंगत न्ताते पित्सो, यांची एकशे बारा. जुन्या मिशनऱ्यांचं किरटं अक्षर कसं लावायचं, कुठल्या पाद्र्याचा 'ल' हा 'ट'सारखा दिसतो, कुठला पाद्री ओल्या हवेत शाई पातळ करायचा, हे जगात एकट्या पित्सोंना माहीत होतं. ते त्यांनी पत्रापत्रातून लिहून ठेवलं आणि ते गेले. त्या पत्रांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. दप्तरदारांच्या घरी कागद नसतात, जसे आचाऱ्याच्या घरी लाडू नसतात.

ग्रुप सुरू झाला. नियमाने वागायचं तर ग्रुपवरचा प्रत्येक निरोप म्हणजे संघटनेची नोंद. म्हणून मोनाहेंगनी एक लांब वही आणली, रकाने आखले (अनुक्रम, पाठवणारा, वेळ, विषय, कार्यवाही) आणि पहिल्या सकाळी चष्मा लावून बसले. संध्याकाळपर्यंत तीनशे अठरा निरोप आले होते. चांगल्या घरातला मोसोथो, म्हणजे लेसोथोतला, माणूस विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलत नाही. "कसे उठलात?" असं एकाने विचारलं की त्रेसष्टांनी आपण कसे उठलो ते सांगायचं आणि उलट विचारायचं. जो उशिरा आला त्याने वर जाऊन पहिल्यापासून प्रत्येकाला उत्तर द्यायचं. मोनाहेंगनी कार्यवाहीच्या रकान्यात "बरे उठले" असं एकशे चाळीस वेळा लिहिलं. मग उगवलेल्या अंगठ्यांचं काय करायचं, हा प्रश्न आला. अंगठा ही स्वतंत्र नोंद की मूळ निरोपाचं परिशिष्ट? त्यावर त्यांनी स्वतःलाच एक टिपण लिहिलं.

चार दिवसांत ते तीन दिवस मागे पडले. कुणीही शहाणा माणूस सरळ शेवटच्या निरोपावर उडी मारून पुढे आला असता. पण दप्तरदाराला कागदांचा मूळ क्रम मोडायची मनाई असते. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं, की गठ्ठा वरून सोडायचा आणि खालपर्यंत जायचं, मधूनच कागद ओढायचा नाही. गुरुवारी ते सोमवार वाचत होते.

तिसऱ्या आठवड्यात कॉलेजकडून पत्र आलं. कागदावर, शिक्क्यासह, त्यामुळे मोनाहेंगना आधी फार बरं वाटलं. मग त्यांनी ते वाचलं. जुना कॉम्प्युटर मोडीत काढायचा होता. ज्यांना आपली यादी राखायची असेल त्यांनी पुढल्या शुक्रवारपर्यंत सभासदांचा लेखी ठराव आणून द्यावा. नाही तर सगळं पुसलं जाईल.

सभा बोलवायला वेळ नव्हता. बर्फाने अर्धे घाट बंद होते. ठराव ग्रुपवरच मांडावा लागणार होता, म्हणजे ज्या विहिरीत थुंकायचं ठरवलं होतं तिचंच पाणी मागायचं. मंगळवारी सकाळी त्यांनी आधी सगळ्यांची रीतसर विचारपूस केली, थंडीने खोकला झाल्याचं सांगितलं आणि मग ठराव लिहिला. त्रेसष्ट जणांनी खोकल्याची चौकशी केली. कुणी निलगिरीची वाफ सुचवली, कुणी लसूण. दोन बायकांचं लसणावरून वाजलं. दुपारपर्यंत ठराव दोनशे निरोपांखाली गाडला गेला. तरी लोक भले होते. खाली उतरून शोधून त्यांनी मतं दिली. बुधवारी त्सोलोचा फोन आला की न्ताते, झालं, एक्केचाळीस बाजूने, विरोधात कुणी नाही, मीसुद्धा बाजूनेच.

मोनाहेंग त्या संध्याकाळी पापा-मोरोहो, म्हणजे मक्याची उकड आणि पालेभाजी, पोटभर जेवले. ठराव उतरवून घ्यायची घाई त्यांनी केली नाही. तो मंगळवारचा होता, आणि वही अजून शनिवारात होती.

आता इकडे एक गोष्ट अशी झाली होती की डोंगरातल्या लोकांचे फोन "बरे उठलो"ने तुडुंब भरले. म्हणून त्सोलोने म्मे मापुलेंगना विचारून ग्रुपला अशी कळ लावली की यापुढचा प्रत्येक निरोप चोवीस तासांनी आपोआप नाहीसा व्हावा. तशी सूचनाही त्याने रीतसर टाकली होती. सोमवारी टाकली, आणि मंगळवारी ती नाहीशी झाली.

शुक्रवारी सकाळी मोनाहेंग वहीतला शनिवार, रविवार आणि उरलासुरला सोमवार संपवून मंगळवारकडे वळले, तर मंगळवार नव्हता. बुधवारही नव्हता. एका बाईंचा लसूण तेवढा होता, तो गुरुवारचा.

ते घोंगडी ओढत म्मे मापुलेंगकडे गेले. ठराव आठवणीतून लिहून सही करा, एवढंच त्यांना मागायचं होतं. बाईंनी त्यांना शेगडीजवळ बसवलं आणि चहा दिला.

"न्ताते, मी स्वतः मत दिलंय. मला आठवतंय."

"मग करा की सही."

"मी तुमच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा एका म्हाताऱ्याच्या जमिनीचा कागद हरवला होता. साऱ्या गावाला आठवत होतं, आणि तुम्ही त्याला परत पाठवलंत. आठवणीवर सही करणारा दप्तरदार नसतो म्हणालात."

"म्हणालो होतो."

"मी अजून पोरांना तेच सांगते, न्ताते."

मोनाहेंगनी चहा संपवला. त्यांना बाईंचा राग आला नाही, हेच त्यांना जास्त लागलं. इतकी चांगली तयार केलेली विद्यार्थिनी त्यांना दुसरी नव्हती.

रिकाम्या हातांनीच ते कॉलेजात पोचले तेव्हा अकरा वाजले होते. कॉम्प्युटरच्या खोलीत ऑसी मामेल्लो, म्हणजे मामेल्लोताई, अशी एक मुलगी टोपी-मफलर घालून बसली होती. त्यांनी तिची विचारपूस केली, तिने त्यांची केली, आणि मग ते म्हणाले की ठराव झाला आहे, पण दाखवता येत नाही, दोन दिवसांची मुदत मिळेल का.

"ठराव आता लागतच नव्हता, न्ताते."

"म्हणजे?"

"ते कागदी पत्र कुणालाच नीट कळलं नाही. म्हणून आमच्या साहेबांनी अट सोपी केली. मागच्या आठवड्यात सोमवारी आम्ही प्रत्येक यादीवर ईमेल टाकला. कुणीही एका शब्दाचं उत्तर द्या, 'आहोत' एवढं म्हणा, यादी राहील." तिने समोरचा कागद चाळला. "तुमच्याकडून कुणीच नाही म्हणालं. सकाळी आठला पुसलं."

"आमच्या यादीवर असं पत्र आलंच नाही."

"आलं होतं, न्ताते. पण आम्ही तुमचे सभासद नाही ना. बाहेरच्याचं पत्र राखणदाराच्या मंजुरीला थांबतं. अकरा दिवस तिथेच थांबून होतं. मला वाटलं तुम्ही वाचून ठेवलं असेल."

ते अकरा दिवस मोनाहेंग बरे उठलेल्यांची नोंद करत होते.

खिडकीबाहेर दोन माणसं एक जुना, करडा, लोखंडी डबा हातगाडीवर चढवत होती. तो तसा फार मोठा नव्हता. त्यात बावीस वर्षं आणि एकशे बारा पत्रं मावत असतील, असं बघून वाटलं नसतं.

"ते पत्र तरी बघायला मिळेल?"

"ते यादीतच होतं, न्ताते."

त्यांनी मान हलवली. मग उभ्या आयुष्यात शंभर लोकांनी त्यांच्या टेबलासमोर उभं राहून जे मागितलं होतं, ते त्यांनी मागितलं. अशी एक यादी होती, अमुक साली सुरू झाली, अमुक दिवशी संपली, एवढं दोन ओळींत कुणी लेखी देईल का?

मुलगी भली होती. ती लगेच हो म्हणाली आणि फोन उचलून म्हणाली, "नंबर सांगा, न्ताते, पाठवते."

त्यांनी सांगितला.