आळी मंडळाचा संगणक

मार्चचा शेवटचा शनिवार होता आणि जपानमधल्या मात्सुए शहरातल्या उत्सुमी कोसाकु यांना सकाळपासून गुणगुणावंसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आळी मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यातून निघून इगाराशी बाईंच्या गळ्यात पडणार होतं. हे पद दर वर्षी घरोघर फिरे. कुणी ते मागत नसे आणि पाळी आल्यावर कुणाला टाळता येत नसे. वर्षभर उत्सुमींनी, कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून कचऱ्यावर टाकायच्या जाळीवरून होणारी भांडणं मिटवली होती आणि गटारं साफ करायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी फावडं उचललं होतं. आता एप्रिलमध्ये बायकोला, सावाकोला घेऊन गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन निवांत पडायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मध्ये एकच अडसर होता. मंडळाचा झेंडा, तंबू आणि संगणक चालू स्थितीत नव्या अध्यक्षाच्या हाती द्यायचे आणि पावतीवर सहीऐवजी त्याच्या नावाचा शिक्का घ्यायचा, अशी आळीची रीत होती. शिक्का उमटत नाही तोवर जुनाच अध्यक्ष कायम. आणि संगणक असा संथ झाला होता, की बटण दाबून माणसानं सावकाश आंघोळ उरकून यावं. प्रत्येक अध्यक्षानं त्यात आपल्या सोयीचं काहीतरी घातलं होतं. काढलं मात्र कुणीच काही नव्हतं.

"अगं, याच्या आत पडद्यामागे ढीगभर कामं चालू असतात," उत्सुमींनी मासिकात वाचलेलं सावाकोला समजावलं. "त्यांना सेवा म्हणतात. नको त्या बंद केल्या, की यंत्र पळायला लागतं."

"नको त्या कुठल्या, हे तुम्हाला कळतं?"

"न कळायला काय झालं? जे मला कळत नाही, ते मला लागतही नाही."

"अगं बाई! मग माझी काही धडगत नाही," म्हणत सावाको भाताचं भांडं विसळायला गेली.

उत्सुमींनी यादी उघडली. ती संपता संपेना. प्रत्येक नावाशेजारी अत्यंत नम्र भाषेत लिहिलं होतं, की ही सेवा थांबवल्यास तिच्यावर अवलंबून असलेल्या सेवा चालणार नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी. त्या कुठल्या, ते मात्र नव्हतं. उत्सुमींनी नोंद घेतली आणि एकेक सेवा बंद करत सुटले. हात थांबला तो फक्त फॅक्सपाशी. फॅक्स म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आळीतले सर्वांत वडील हाताकेयामा आजोबा अजून सगळा पत्रव्यवहार फॅक्सनंच करत. ती सेवा त्यांनी आदरानं तशीच ठेवली.

संगणक पुन्हा सुरू केला, तर पापणी लवायच्या आत पडदा उजळला.

"सावाको, ये, बघ! कसा ससा झालाय!"

मग त्यांनी नव्या वर्षाचा कचऱ्याच्या पाळ्यांचा तक्ता छापायला घेतला. संगणक म्हणाला, प्रिंटर नाही. प्रिंटर तर समोर होता. उत्सुमींनी त्याच्यावर हात ठेवून खात्री करून घेतली.

"अहो, इंटरनेटवर शोधा ना, काय बिघडलं ते."

इंटरनेटही गेलं होतं. निदान तक्ता उशिरा मिळेल अशी माफीची नोटीस तरी लिहावी म्हणून त्यांनी अक्षरं दाबली, तर जपानी अक्षरं उमटेनात. नुसती रोमन लिपी रांगेत उभी राहिली.

"ही नोटीस फॅक्सनं गेली, तर हाताकेयामा आजोबांना वाटेल, महायुद्धानंतर आलेले अमेरिकन परत आले!" सावाको म्हणाली.

"हसू नकोस. उद्या शिक्का मिळाला नाही, तर आणखी वर्षभर जाळीची भांडणं आपल्याच दारात येतील."

हे ऐकल्यावर तीही हसायची थांबली.

सगळं पूर्ववत करायला उत्सुमी पुन्हा यादीत शिरले. पण आधी कुठली सेवा जागी होती आणि कुठली मुळातच झोपलेली होती, हे कुणाला आठवतंय? एकीला उठवलं, तर ती म्हणे दुसरी उठल्याशिवाय मी उठणार नाही. दुसरीचं बोट तिसरीकडे. शेवटी वैतागून त्यांनी सगळ्याच सेवांना आपोआप सुरू व्हायला लावलं. तक्ता छापून निघाला, अक्षरंही परत आली. पण जन्मापासून झोपलेल्या सेवाही आता उठून कामाला लागल्या होत्या. खोकं घरघरू लागलं आणि पहिल्याहून दुप्पट संथ झालं.

रविवारी सभाघरात संगणक आणि प्रिंटर जोडले गेले. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. चहा झाला. तांदळाच्या कुरकुरीत चकत्या संपल्या. निवृत्त मुख्य परिचारिका असलेल्या इगाराशी बाईंनी शिक्का पिशवीतून काढलाही नव्हता.

"उत्सुमी-सान, याला काय केलंत?" त्यांनी रुग्णाच्या नातेवाइकाला विचारावं तसं विचारलं.

खोटं बोलणं उत्सुमींना जमण्यासारखं नव्हतं. "आतल्या सेवा मी बंद केल्या, मग पुन्हा चालू केल्या," ते घाम पुसत म्हणाले. "काही आपोआप उठतात, काही हाक मारल्यावर. छापायची एकीवर अवलंबून, ती दुसरीवर. पण खरं सांगतो, मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही."

तेवढ्यात पडदा उजळला. इगाराशी बाईंनी आपलं नाव लिहून पाहिलं, अक्षरं उमटली. तक्ता छापून पाहिला, निघाला. त्यांनी पिशवी उघडली आणि पावतीवर शिक्का उमटवला. उत्सुमींच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"थांबा," हाताकेयामा आजोबा म्हणाले. "इतक्या वर्षांत या खोक्याच्या आत जाऊन परत आलेला हा पहिलाच माणूस."

"नाही हो आजोबा, मला खरंच काही येत नाही."

"बघा! जाणकार माणूस असंच बोलतो."

"अहो, मी सगळा घोळ घातलाय!"

"किती तो विनय," मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

उत्सुमी जितकं नाही म्हणत, तितकी लोकांची खात्री वाढत होती. इगाराशी बाईंनी मंडळाचे नियम चाळले. "संगणक सल्लागार नेमता येतो. हे पद फिरतं नाही आणि मुदतही कुठे लिहिलेली दिसत नाही. उत्सुमी-सान, संगणक तुमच्याच घरी राहू दे."

सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजल्यावर कमरेतून वाकायचं नाही, हे उत्सुमींना जन्मात जमलं नव्हतं. ते वाकले.

तोच होकार धरून ठराव एकमतानं मंजूर झाला.