दोन पाट्यांच्या सखूकाकू

सखूकाकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शाळेत येताना त्या दोन पाट्या घेऊन येत. एक स्वतःपुढं ठेवत, दुसरी शेजारच्या रिकाम्या जागेपुढं. एखादी पोर तिथं टेकलीच, तर तिला बाजूला सारून म्हणत, "तिथं नको बसू बाई, कोनी बसलं हाये."

पोर मग पुढं जाऊन बसायची आणि तासभर मागं वळून बघायची.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हाची गोष्ट. आम्ही अमरावतीला मास्तरीण व्हायला शिकत होतो, बहुतेक विधवाच. सरावाचे पाठ शेजारच्या मुलींच्या शाळेत चालत. ते बघायला घरच्यांनी यावं, अशी मोठ्या बाईंनी मुभा दिली होती. समोर राहणाऱ्या काकू कुणाच्याच घरच्या नव्हत्या, तरी यायच्या. बेरीज विचारली की पहिला हात त्यांचा.

"पाच नि तीन?"

"लय होतात, माय."

वसतिगृहात मात्र त्यांची धास्ती होती. काकू जिच्या पाठाला बसल्या, ती ट्रंक बांधून घरी जाते, असं बोललं जाई. अंबू गेली, यमुना गेली. ज्या टिकल्या त्यांची नावं कोण घेतो?

एकदा माझ्याच पाठाला काकू दारात दिसल्या. माझी ट्रंक आदल्याच दिवशी बांधून झाली होती. घरून, अकोटहून, मला भेटायला वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं. पाठ झाला की निघायचं, एवढंच ठरवलं होतं, आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

"काकू, माझ्याकडेच का आलात?"

"जिले भेटाले कोनी येत नाई, ते मले समोरून दिसते. माही लेक इथंच शिके. तिच्या पाठाले आमी कोनी आलो नाई. अर्ध्यातून घरी आली, अन् मंग कोनाशी बोललीच नाई, मरेपर्यंत." त्यांनी पाट्या पदरानं पुसल्या. "शिकव माय. आमी दोघी आहो."

दोघी म्हटल्यावर अंगावर काटा आला. तशीच फळ्यापाशी गेले. वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या. तरी दुसऱ्या पाटीवरची पेन्सिल घरंगळून खाली पडली. सगळ्या मुली तिकडं बघायला लागल्या. मीही बघितलं, आणि का कोण जाणे, त्या जागेलाच विचारलं, "तू सांग. सात नि दोन?"



"येते तिले," काकू हळूच म्हणाल्या. "बोलत नाई फक्त."

"नाही बोलली तरी चालेल," मी म्हणाले. "मी परत सांगते."

संध्याकाळी ट्रंकेची दोरी सोडली, ती पास होईपर्यंत पुन्हा बांधली नाही.