चारही चाकांना जोर

सातपुड्यापलीकडचं एक चिमुकलं संस्थान विलीन झालं, राजेसाहेबांची शिकार संपली आणि त्यांची जीप बऱ्हाणपुरात, लालबागातल्या अनंत मास्तरांच्या दाराशी येऊन उभी राहिली. मास्तरांची शाळा घरासमोर, बाजार घरामागे आणि पेट्रोल रेशनच्या कूपनावर.

"जायचं कुठं हिच्यातून?" बायकोनं, सुनंदाबाईंनी, विचारलं.

"रोजचं सोड. संकटात कळेल," मास्तर म्हणाले. "हा दांडा ओढला की चारही चाकांना जोर येतो. मग चिखल असो, नाला असो."

(संकटाचं नाव काढून गाडी घेऊ नये. संकटांना ऐकू येतं.)

त्याच पावसाळ्यात जीपचा उपयोग सुरू झाला, पण एकाच कामी. चिखलातून मढं न्यायचं असलं की लोक मास्तरांकडे येत. अशा कामाला नाही कसं म्हणायचं? सुनंदाबाईंचा कडू नावाचा चुलता दवाखान्यातून इच्छापूरला परतला तोही याच जीपमधून, आडवा. लग्नाला, बारशाला ती कोणी मागेना. ती कुठंही थांबली की बायका आधी पदर तोंडाला लावत आणि मग कोण गेलं ते विचारत.

श्रावणात एका संध्याकाळी निरोप आला. इच्छापूरच्या मळ्यात सुनंदाबाईंची आई, मथुराबाई, तापानं फणफणली होती, छाती कफानं भरली होती. "माझी आई वाचवा," एवढंच सुनंदाबाई म्हणाल्या. मास्तरांना रात्रभर झोप आली नाही. काळजी होतीच, पण निदान एकदा तरी जिवंत माणूस जीपमध्ये बसणार होतं.

सकाळी दोघं मळ्यात शिरले. कापूस निंदणाऱ्या बायकांनी जीप पाहिली, खुरपी टाकली आणि असा गळा काढला की तो थेट मथुराबाईंच्या खाटेपर्यंत पोचला.

"कोन मेलं वं?" खाटेवरून क्षीण आवाज आला.

"कोनी नाही, आई. जवाईबापू आलेत, गाडी घेऊन," मेहुणा देवराम म्हणाला.

म्हातारीनं दारातून जीप पाहिली मात्र. "अरे, मी अजून जित्ती हाय! कडूभाऊजीले हिच्यातच आनलं व्हतं. मी नाही बसत!"

"मामी, दवाखान्यात न्यायचंय. जल्दी पोचू," मास्तर सासूला म्हणाले.

"जल्दीच पोचवते ती. कुठं ते मले माहीत हाय."

तिनं खाटेचा पाय धरला तो सोडेचना. शेवटी देवरामनं छकडा जुंपला, आत गवताची गादी घातली, वर ताडपत्री टाकली आणि मायलेकींना घेऊन तो निघाला.

मास्तरांना अपमान वाटला, आणि त्याहून जास्त भीती. बैलांच्या चालीनं म्हातारी तग धरेल का? ती दगावली तर सुनंदाला तोंड कसं दाखवायचं? पुढं जाऊन डॉक्टरांना तयार ठेवावं, असं त्यांनी ठरवलं. वाट छकड्यानं अडवलेली, म्हणून त्यांनी जीप कापसात घातली. काळी माती ती. मागची चाकं रुतली. मास्तरांनी मोठ्या विश्वासानं दांडा ओढला. चारही चाकांना जोर आला, आणि दोन चाकांनी रुतलेली जीप चारही चाकांनी रुतली. वर क्लचही जळाला. छकडा दिसेनासा झाला आणि मास्तर चिखलात बसून रडले.

शेजारच्या मळ्यातल्या भाईदासनं आपली बैलजोडी लावून जीप बाहेर काढली आणि तशीच ओढत रस्त्याला लावली (तो हसला नाही, हे त्याचे उपकार). छकडा आजाऱ्याच्या बेतानं हळू चालला होता, त्यामुळे बऱ्हाणपूरजवळ त्याची गाठ पडली.

लालबागात शिरले ते असे : पुढं छकड्यात सुनंदाबाई मुसमुसताहेत, मागं बैलांनी ओढलेली जीप आणि जीपमध्ये चिखलानं माखलेले मास्तर, जागरणानं स्टेअरिंगवर मान टाकून गाढ झोपलेले. ताडपत्रीखालची म्हातारी कोणाला दिसली नाही. जीप पाहून काय समजायचं, याची लालबागाला सवय होती. टोप्या उतरल्या.

छकडा दवाखान्याकडं वळला; भाईदासनं जीप घरी आणली, झोपलेल्या मास्तरांना उचलून ओट्यावर आडवं केलं आणि तो बैल घेऊन परतला. मास्तर जागे झाले ते बांबू तोडण्याच्या आवाजानं. ओट्याखाली शेजारचा चुडामण सुतळीनं तिरडी बांधत होता.

"कोण गेलं रे, चुडामण?"

"तुम्हीच की, सर," चुडामण कामाच्या नादात म्हणाला. मग सुतळी टाकून ओट्यावर चढला. "अरे बापरे! सर तर जिंदा आहेत!"

"मग थांबव की हे!"

"आता थांबवून काय फायदा? शाळेला सुट्टीपण होऊन गेली ना!"

मथुराबाई वाचल्या. पेनिसिलीनच्या सुया लागल्या. डॉक्टर म्हणाले, "हळू आणलंत ते बरं केलंत. हादऱ्यांनी वाटेतच संपल्या असत्या." सुनंदाबाईंनी घरी येऊन छकड्याच्या बैलांना पुरणपोळी भरवली. मास्तरांना भाकरी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तर गजाननराव वैतागलेलेच होते. "शोकसभेत तुमच्याबद्दल बोललो हो मी. गुण आठवता आठवता घाम फुटला. आता ती सुट्टी रविवारी भरून काढा. वर्गात तुम्हीच सांगा."

मास्तर वर्गात गेले. आदल्या दिवशी घंटा झाली तेव्हा हीच पोरं दप्तरं उडवत, ओरडत घरी पळाली होती (हे चुडामणनं न विचारता सांगितलं होतं). आज मास्तर धडधाकट दिसले, वर त्यांनी रविवारची बातमी दिली, आणि सगळा वर्ग माना खाली घालून उभा राहिला. काहींच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मास्तरांच्या वाट्याचा खराखुरा शोक झाला तो असा, ते जिवंत निघाले म्हणून.