अकरा ओळींचा उजेड

लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड कमीजास्त करणारी दोन बटणं माझ्याच हातून चहा सांडून कामातून गेली आणि पडदा कायमचा भगभगीत उजेडात अडकला. शहाण्या माणसानं तो दुरुस्तीला टाकला असता. निदान नेटवरून एखादा तयार प्रोग्राम तरी उतरवला असता. पण ते प्रोग्राम एवढे अगडबंब, की आमचा म्हातारा लॅपटॉप त्यांच्याच ओझ्यानं धापा टाकायला लागला असता. म्हणून मी ठरवलं, आपणच एक हलकीफुलकी स्क्रिप्ट लिहायची. एवढंच. (माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे या 'एवढंच'पासून सुरू होतात.)

मला कुतूहलाची खोड आहे. योग्याकार्तामधल्या पाण्याच्या कचेरीत एकतीस वर्षं अर्जांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला दुसरी कुठली खोड परवडणार? पडद्याचा उजेड म्हणजे लॅपटॉपच्या पोटातल्या एका फाइलमध्ये लिहिलेला नुसता आकडा असतो, हे कळल्यावर मला राहवेना. आकडा वाढवला, उजेड वाढला. शून्य लिहिलं, तर पडदा ठार काळा! लॅपटॉप आत सुखरूप चालू, पण दिसत काहीच नाही. इथेच मी थांबायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, या लॅपटॉपला कॅमेरा आहे, तर खोलीत उजेड किती आहे ते त्यालाच का विचारू नये? स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी गुपचूप एक फोटो काढणार, त्यातला उजेड मोजणार आणि त्या हिशेबानं पडद्याला आकडा देणार. सगळं मिळून अकरा ओळी!

तपासणीपुरतं मी ते दर पाच सेकंदांवर ठेवलं होतं. तेवढ्यात बायको, मुर्तिनी, नमाजाचा पांढरा झगा घालून मागून गेली आणि पडदा एकदम झळाळला.

"बघ बघ! तू आलीस आणि उजेड पडला!"

"लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली," ती म्हणाली, "आज मोजलात होय?"

आमची लेक वेनिंग मात्र हसली नाही. "बापाक, रविवारी चार वाजता याच लॅपटॉपवर गालिहच्या घरची माणसं भेटणार आहेत. तोवर याला हात लावू नका. पाया पडते तुमच्या."

"मी कुठे हात लावतोय? ते आपोआप चालतं," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं, हीच तर पंचाईत झाली.

वेनिंग शाळेत शिकवते. गालिहवर तिचा तीन वर्षं जीव आहे. त्याच्या घरचे सगळे राजी होते. राहिली होती फक्त त्याची आजी, एयांग. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एयांगला मलांगहून एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून हा व्हिडिओ कॉल. एयांगनं आम्हाला पाहून मान डोलावली, तरच माणसं मागणी घालायला येणार होती. वेनिंग त्या आठवड्यात धड जेवली नाही.

रविवारी आम्ही तिघं ठेवणीतलं बाटिक घालून बसलो. समोर शेजारच्या बाईंकडून आणलेला थरांचा केक मांडला होता. (फक्त दिसण्यापुरता. संध्याकाळी परत करायचा होता.) ठीक चारला पडद्यावर एयांग, गालिह आणि त्याचे आईवडील उगवले. वडिलांनी, पाक हार्दिमाननी, माझ्या नोकरीची चौकशी केली. मी म्हणालो, "विभागप्रमुख आहे." मग त्यांनी आपला पाळीव होला पक्षी पिंजऱ्यासकट तीनदा दाखवला आणि तिन्ही वेळा त्याचं घुमणं ऐकवलं. आम्ही तिन्ही वेळा धन्य झालो. सव्वाचारला ते म्हणाले, "घ्या, चहा घ्या." दोन्हीकडे पेले उचलले गेले, सगळे गप्प झाले, आणि पडदा काळाकुट्ट झाला.

"मेला!" मी म्हणालो. मिनिटभर कान देऊन ऐकलं. कसलाच आवाज नाही. "बॅटरी गेली वाटतं. बरं झालं, हसून हसून गाल दुखायला लागले होते माझे."

"आणि तो होला!" मुर्तिनीनं अंबाडा सैल केला. "मालक आणि पक्षी, दोघांचा एकच सूर."

"पक्षी निदान मध्ये दम तरी खातो."

"तुम्ही बोलू नका. विभागप्रमुख म्हणे! शिक्के मारता तुम्ही."

"अगं, आमच्या विभागात मी एकटाच आहे. मग प्रमुख कोण?"

मी केकचा एक तुकडा तोंडात टाकला. मुर्तिनी ओरडली, "अहो, तो परत करायचाय!" आणि उरलेले तुकडे सरकवून रिकामी जागा झाकायला लागली. मी कॅमेऱ्यात एक डोळा घालून आत काही जळलंय का ते निरखलं. मग दुसरा घातला. काचेवर हा करून श्वास सोडला आणि लुंगीच्या टोकानं ती पुसली.

वेनिंग रडायला लागली. "तुमच्या त्या अकरा ओळींनी माझं वाटोळं केलं, बापाक. एयांगला वाटेल आपण मुद्दाम तोंडावर कॉल बंद केला."

पोरगी रडली की मला काही सुचत नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "असं कसं होईल? अगं, मुलगा सोन्यासारखा आहे. मघाशी आजीची शाल खांद्यावरून घसरली, तर त्यानं न बोलता, आमच्याकडे न बघता, ती नीट केली. पाहिलंस ना? मी तेव्हाच मनात म्हटलं, याच्या हाती माझी पोर सुखात राहील. त्या होल्यासकट राहील. मला वाईट वाटतंय ते वेगळंच. तू गेलीस की माझ्या स्क्रिप्टबद्दल मी बोलायचं कोणाशी? तुझी आई तर उठून जाते."

"जातेच," मुर्तिनी म्हणाली. पण तिचेही डोळे भरले होते.

डोळे पुसण्यात साडेचार होऊन गेले. शेवटी मी उठलो आणि वेनिंगला हसवावं म्हणून लॅपटॉपपुढे हात जोडून वाकलो. "बरं आजोबा, आता निरोप द्या. फार वेळ घेतला तुमचा. काही चुकलंमाकलं असेल तर माफी असावी." आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला आत गेलो.

पावणेपाच वाजले आणि पडदा आपला आपण उजळला. त्यावर एकच ओळ होती: संभाषण संपलं, एक्केचाळीस मिनिटं.

 मी स्क्रिप्टचं रोजनिशीसारखं टिपण उघडलं. सव्वाचारला कॅमेरा कॉलच्या कामात अडकलेला. स्क्रिप्टला फोटो मिळाला नाही. फोटो नाही म्हणजे उजेड शून्य. आणि शून्य म्हणजे काळा पडदा. साडेचारला पुन्हा तेच. लॅपटॉप चालू होता. कॉल चालू होता. फक्त आम्हाला दिसत नव्हतं. त्यांना सगळं दिसत होतं.

मग ती माणसं बोलली का नाहीत? हा प्रश्न जावाबाहेरचा माणूसच विचारेल. आमच्याकडे भर रस्त्यात कोणाची लुंगी सुटली, तर बघणारे आभाळाकडे बघतात. सांगितलं तर तो माणूस लाजेल ना! आणि निरोप घेतल्याशिवाय उठायचं कसं? ती चौघं सव्वीस मिनिटं, चहाचे पेले हातात धरून, आम्ही निरोपाचं कधी बोलतो याची वाट बघत बसली होती. मी लॅपटॉपपुढे वाकलो तेव्हा कुठे बिचाऱ्यांची सुटका झाली.

वेनिंग खोलीत जाऊन दार लावून बसली. सहा वाजता गालिहचा निरोप आला: "एयांग खूश आहे. पुढच्या महिन्यात मागणी घालायला येतो. तिलाही यायचंय, कसंही करून." काळ्या पडद्याबद्दल अवाक्षर नाही. वेनिंग नाचली. मी मात्र महिनाभर तळमळलो. किती ऐकू आलं असेल? आवाज बारीक असेल का? होल्याच्या घुमण्यात काही विरलं असेल का? विचारायची सोय नाही. त्यांनी न सांगणं जसं सभ्य, तसं मी न विचारणंही.

ते आले. होला आला नव्हता. मी जीव मुठीत धरून आडून विचारलं, "त्या रविवारी तुमच्याकडे लाइन ठीक होती ना?"

"उत्तम होती," पाक हार्दिमान मंद हसून म्हणाले. "मधूनमधून दम खात होती, एवढंच."

मग त्यांच्या बायकोनं थरांचा अख्खा केक मुर्तिनीच्या हातात दिला. "घरच्यांनी खायचा हं, ताई." मुर्तिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी केकचं नाव वर्षभर काढणार नाही.

गालिह गुपचूप माझ्या शेजारी येऊन बसला. "बापाक, ती स्क्रिप्ट मला समजावून सांगाल? सगळ्या ओळी." मला भरून आलं. ऐकलं होतं, तर तेही ऐकलं होतं. मी चौथ्या ओळीपर्यंत पोचलो असेन, तोच एयांगनं मला हाक मारली आणि एक लाकडी डबी पुढे केली.

"तुमच्यासाठी मुद्दाम करून घेतला," ती म्हणाली.

आत सागवानी मुठीचा सुंदर शिक्का होता. त्यावर नक्षीदार अक्षरांत माझं नाव: प्रसोजो, विभागप्रमुख.

खोलीतले सगळे आभाळाकडे, म्हणजे आमच्या छताकडे, बघायला लागले. एकटी एयांग माझ्याकडे बघत होती. तिनं शाईची गादी उघडून समोर ठेवली आणि मागणीचा कागद पुढे सरकवला. "उठवा ना. तुमच्याच हातचा पहिला ठसा पडू दे."

मी शिक्का दाबला. अगदी ठसठशीत उठला. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, उलटा.